बागचीबाबूंच्या गाडीतला खालचा आवाज

आमच्या मराठी मंडळाच्या वैद्यबाईंनी दिवाळी अंकासाठी लेख मागितला तेव्हा त्यांची अट एकच होती : "पोवारकाका, गाड्यांचे किस्से लिहा, पण हलकेफुलके." मी हो म्हणालो. मग चार दिवस वही घेऊन बसलो आणि लक्षात आलं, की हलके किस्से माझ्याकडे पोतंभर आहेत. पण ते मी गणपतीत आणि कोजागरीला इतक्यांदा सांगितलेत की मंडळातल्या लोकांना तोंडपाठ झालेत. न सांगितलेला एकच आहे, आणि तो हलका नाही. छापायचा तर छापा, नाहीतर परत द्या. मला वाईट वाटणार नाही. म्हणजे वाटेल, पण सांगणार नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. वडिलांचं उद्यमनगरात लेथचं छोटं दुकान होतं. मी पंपांची इंजिनं करणाऱ्या एका कंपनीत सर्व्हिसला लागलो, कंपनीनं कोलकात्याला पाठवलं, आणि दोन वर्षांसाठी आलेला माणूस इथेच मुरला. पुढे नोकरी सोडून शहराच्या बेहाला भागात, डायमंड हार्बर रोडच्या आतल्या एका गल्लीत, स्वतःचं गॅरेज टाकलं. गेल्या वर्षी ते निताईच्या हवाली करून घरी बसलो. निताई म्हणजे माझा हेड मिस्त्री, गॅरेजच्या पहिल्या दिवसापासूनचा. या गोष्टीत शहाणा माणूस तो एकटाच आहे.

गॅरेजचं नाव झालं ते आवाजामुळे. गाडी रंगवणारे, डेंट काढणारे गल्लोगल्ली असतात. आवाज शोधणारा सापडत नाही. टॉलीगंजहून, सॉल्ट लेकहून लोक यायचे आणि रस्त्यात विचारायचे, "आवाजवाले पोवारबाबू कुठे बसतात?" मला ते आवडायचं. कशाला खोटं बोलू, फार आवडायचं.

बंगाली गिऱ्हाईक आवाजाची नक्कल फार मन लावून करतं. आपल्याकडचा माणूस म्हणेल, "काहीतरी खडखडतंय, बघा." इथला माणूस खुर्चीत बसेल, चहाचा एक घोट घेईल, डोळे मिटेल आणि तोंडानं हुबेहूब आवाज काढून दाखवील. वर हेही सांगेल, की परवा तो जरा ओला होता, आज कोरडा आहे. सुरुवातीला मला हसू यायचं. नंतर कळलं, की अर्धं निदान त्यातच असतं. अलीकडे लोक फोनवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतात, त्याचा काडीचा उपयोग नाही. फोनमध्ये सगळ्या गाड्या सारख्याच खोकतात.

आता बाहेरच्या माणसाला समजेल असं थोडं सांगतो. इंजिनाचे आवाज ढोबळमानानं दोन : वरचा आणि खालचा. वरचा आवाज बारीक, टिकटिक करणारा, शिवणयंत्रासारखा. तो झडपांचा असतो. अर्ध्या दिवसाचं काम, गिऱ्हाईक हसत घरी. खालचा आवाज जाड, ठक्‌ठक्‌ असा, पोटातून येणारा. पिस्टनचा दांडा ज्या बेअरिंगवर फिरतो तिथे झीज झाली की तो येतो, आणि तो आला म्हणजे इंजिन उघडायचं. ओळखायचं कसं? लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाच्या हाडाला टेकवायची, आणि एकेक जागा ऐकत जायचं. मग चालत्या इंजिनाच्या प्लगची एकेक वायर काढून बघायची. ज्या वायरीला आवाज बदलतो, त्या पिस्टनच्या घरात चोर.

पण या सगळ्याच्या आधीचा एक नियम आहे, आणि तो मी माझ्या पोरांना पहिल्या दिवशी शिकवायचो : आधी बाहेर, मग आत. गाडीत, गाडीखाली, गाडीभोवती जे जे हलू शकतं ते सगळं हातानं धरून बघायचं, आणि मगच इंजिनाकडे वळायचं. एक गाण्याच्या शिक्षिका यायच्या. त्यांच्या गाडीत फक्त रविवारी आवाज यायचा. तीन गॅरेजांनी झडपा बसवून दिल्या होत्या. मी विचारलं, "दीदी, रविवारी गाडीत काय असतं?" तर रविवारी त्या एका शिष्येकडे शिकवायला जायच्या आणि मागे डिकीत हार्मोनियम असायची. तिच्या पेटीची कडी खुळखुळायची. मी कडीला कापडाची चिंधी बांधून दिली. ही गोष्ट मी पुढे वर्षानुवर्षं छाती फुगवून सांगत आलो.

आता बागचीबाबू.

बागचीबाबू हुगळीवरचे पायलट होते. विमानाचे नव्हे, नदीचे. समुद्रातून आलेलं जहाज कोलकात्याच्या गोदीपर्यंत आणायचं तर मधे ही नदी आहे, आणि तिच्या तळातली वाळू आज इथे तर उद्या तिथे. परक्या कप्तानाला ती कशी समजणार? म्हणून नदीचा पायलट जहाजावर चढतो आणि वाट दाखवतो. चौतीस वर्षं त्यांनी हे काम केलं. निवृत्त होऊनही बराच काळ लोटला होता. शिडशिडीत, ताठ, इस्त्रीचा पांढरा शर्ट, बोलणं अगदी कमी. आमचं संभाषण हिंदी, बंगाली आणि इंग्रजीच्या खिचडीत चालायचं. इथे मी ते मराठीत लिहितो.

त्यांची गाडी दोन माणसांची, विलायती, उघड्या टपाची, गडद हिरवी. नोकरीत कायम झाल्यावर कुणा परत जाणाऱ्या साहेबाकडून घेतलेली. बॉनेट लांबच्या लांब, आणि आपण जवळजवळ जमिनीवर बसतो. मी आयुष्यात हजारो गाड्या पाहिल्या, पण ती गल्लीत वळली की हातातला पाना खाली ठेवायचो.

त्या वर्षी सप्टेंबरात ते आले तेव्हा गाडीत काही बिघाड नव्हता. "कार्बोरेटर साफ करा, पॉइंट बघा, ब्रेक बघा," म्हणाले, "मला हिवाळ्यात एकदा डायमंड हार्बरला जायचंय. स्वतः चालवत." डायमंड हार्बर म्हणजे आमच्या रस्त्याच्या टोकाचं, नदीकाठचं गाव.

"जा की," मी म्हणालो, "दरवर्षीच जाता."

"या वर्षीचं वेगळं आहे." मग जसं हवामान सांगावं तसं त्यांनी सांगितलं : उजव्या डोळ्याच्या मधोमध डाग पडलाय, तो गेला. आता डाव्यातही सुरू झालंय. औषधानं थोडं लांबतं, थांबत नाही. डॉक्टरांनी दिवसा, जपून, फार तर हा हिवाळाभर चालवायची परवानगी दिलीय. दर महिन्याला तपासणार आणि ज्या दिवशी नाही म्हणतील त्या दिवसापासून बंद. "डिसेंबरात धुकं नसलेला एक दिवस बघून जाईन. नंतर गाडी उभी राहील."

हे सगळं मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पुढे जे सांगणार आहे ते वाचताना एवढं ध्यानात ठेवा.

गाडी आली आणि दुसऱ्या दिवशी विश्वकर्मा पूजा. इथे त्या दिवशी कुठल्याही कारखान्यात, गॅरेजात, रिक्षास्टँडवर हत्याराला हात लावत नाहीत. विश्वकर्म्याची मूर्ती आणायची, हत्यारं धुऊनपुसून तिच्यापुढे मांडायची, भटजी पूजा सांगतो, वर आकाशात पतंग, आणि दुपारी जेवण. ते सगळं निताई बघायचा. पण मी पडलो कोल्हापूरचा. आमच्याकडे खंडेनवमीला वडील प्रत्येक लेथवर विड्याची दोन पानं, त्यावर सुपारी, म्हणजे गणपती, आणि वर हळदकुंकू असं मांडायचे. इथे नवमीला दुर्गापूजेमुळे गॅरेज बंद असतं. म्हणून मी आपला रिवाज विश्वकर्मा पूजेलाच उरकून घ्यायचो. बंगाली भटजींची पूजा झाली की माझं तबक बाहेर यायचं, आणि बॉनेट उघडं असलेल्या प्रत्येक इंजिनावर पान, सुपारी, हळदकुंकू. पोरं म्हणायची, दादांचा ओव्हरटाइम सुरू झाला.

बागचीबाबूंच्या गाडीचं बॉनेट उघडंच होतं. तिला तर मी सगळ्यात मोठी सुपारी निवडून ठेवली.

दुसऱ्या दिवशी पोरांनी पानं गोळा केली, गाडी पुसली, काम पुरं झालं, बागचीबाबू घेऊन गेले. दहा दिवसांनी परत आले. गाडी उभी केली, इंजिन चालूच ठेवलं आणि म्हणाले, "ऐका."

ठक्‌. ठक्‌ठक्‌. ठक्‌. जाड, खालचा आवाज. गाडी उभी असताना, इंजिन मंद चालत असताना यायचा. जरा वेग दिला की गप्प.

मी स्क्रू ड्रायव्हर लावला. खाली, उजव्या अंगाला आवाज सगळ्यात मोठा. वायरी काढून पाहिल्या. तिसरी काढली आणि आवाज बदलला. मी कमरेवर हात ठेवून उभा राहिलो आणि म्हणालो, "तिसऱ्याचं बेअरिंग."

निताई शेजारीच होता. तो हळूच म्हणाला, "दादा, खालचं बेअरिंग गेलं असतं तर गाडी जोर घेताना आवाज वाढला असता. हा तर पळताना झोपतो. ऑइलचं प्रेशर पण चांगलं आहे. एकदा फाउंडेशन बघू या का?" फाउंडेशन म्हणजे इंजिन ज्यावर बसतं ते दोन बाजूंचे आधार.

"विलायती इंजिन आहे ते," मी म्हणालो, "त्याच्या तऱ्हा वेगळ्या." गिऱ्हाइकासमोर तो मला दुसऱ्यांदा टोकत नसे.

आधी बाहेर, मग आत हा नियम मी त्या दिवशी का पाळला नाही, याचा मी पुष्कळ विचार केलाय. घाई नव्हती, वेळ होता. खरं कारण लाजिरवाणं आहे : मला ते इंजिन उघडायचं होतं. इतकी वर्षं त्या गाडीचे कार्बोरेटर आणि ब्रेक करत आलो, आत कधी डोकावायला मिळालं नव्हतं. आवाज आला तेव्हा मनात कुठेतरी मी खूश झालो. डॉक्टर असं करतात की नाही मला माहीत नाही, पण मिस्त्री करतो.

बागचीबाबूंनी एकच विचारलं, "डिसेंबरपर्यंत होईल?"

"कालीपूजेच्या आत देतो," मी म्हणालो.

इंजिन उघडलं. तिसऱ्याचं बेअरिंग काढून हातात घेतलं. आरशासारखं स्वच्छ. पहिलं बघितलं, दुसरं, चौथं. एकावर ओरखडा नाही. पण एकदा उघडल्यावर जुनी बेअरिंगं परत बसवू नयेत, गॅस्केट तर नवीनच लागतात, आणि त्या खटाटोपात ब्लॉकमधला एक जुना स्टड, म्हणजे कायमचा बसवलेला बोल्ट, माझ्याच हातून तुटला. सामान विलायतेहून मागवायचं. मधे दुर्गापूजा, सगळं शहर बंद. मग कालीपूजा, म्हणजे आपली दिवाळी. मग पार्सल निघालं आणि कस्टममध्ये अडकलं. मी रोज फोन करायचो, ते रोज उद्या सांगायचे. आलं तेव्हा डिसेंबर संपत आला होता. बागचीबाबू दर आठवड्याला येऊन बाकावर बसायचे, उघड्या इंजिनाकडे तिरकं बघायचे, कारण समोरचं त्यांना दिसेनासं होऊन कडेचंच दिसायला लागलं होतं. चहा प्यायचे आणि जायचे. कधी एका शब्दानं घाई केली नाही. केली असती तर बरं झालं असतं.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात सगळं बसवलं. सकाळी चावी फिरवली. इंजिन गोड सुरू झालं. आणि मग, ठक्‌. ठक्‌ठक्‌. ठक्‌.

मी बाकावर बसलो. निताई गाडीत वाकला, उजव्या बाजूच्या फाउंडेशनवर तळहात ठेवला आणि दाबला. आवाज थांबला. हात काढला, सुरू झाला. त्या गाडीत इंजिनाचे आधार पत्र्याचे, आतून पोकळ आहेत, आणि वरच्या अंगाला दोन बोटं जातील एवढं भोक आहे. निताईनं तार वाकवून आत घातली, बराच वेळ कोरत बसला, आणि बाहेर काढली ती सुपारी. खाचेत कुंकू अजून तसंच होतं.

मंद चालताना इंजिन जास्त हलतं, तेव्हा ती पोकळीत उड्या मारायची. वायर काढली की इंजिनाचं हलणं बदलायचं, म्हणून आवाज बदलायचा. सगळं उलगडलं. तीन महिने ज्या चोरासाठी मी घर उकरलं होतं, त्याला मीच हळदकुंकू लावून आत बसवलं होतं.

निताईनं सुपारी माझ्या तळहातावर ठेवली. हसला नाही. म्हणाला, "दादा, त्यांना आजच फोन करा. गाडी तयार आहे."

माझ्या हातून चूक झाली होती, ती इथवर. चूक माणसाच्या हातून होते. यापुढचं मी जाणूनबुजून केलं.

मी फोन केला. बागचीबाबूंनी विचारलं, "झाली?" मी म्हणालो, "आवाज गेला. पण नवीन बेअरिंगं आहेत, रनिंग-इन करायला लागेल. दोन-तीन आठवडे मी सावकाश फिरवतो, मग देतो." नवीन बेअरिंगला सुरुवातीला जपावं लागतं हे खरं आहे. पण ते बागचीबाबू स्वतः करू शकले असते. त्यांच्याइतकी सावकाश गाडी सगळ्या बेहालात कुणी चालवत नव्हतं. मला फक्त माझं खालच्या आवाजाचं निदान खरं ठरवायचं होतं. मोठं काम झालं म्हणजे मोठं रनिंग-इन हवं, नाहीतर लोक विचारतील. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तीन आठवडे मी रोज सकाळी ती गाडी त्याच रस्त्यावर पुढे जोका गावापर्यंत नेऊन आणत होतो. आणि लिहायला बसलोच आहे तर हेही लिहितो : मला मजा आली. मेट्रोच्या खांबांखालून ती हिरवी गाडी जाताना लोक वळून बघायचे. मी हात करायचो. लेकाचा मीच मालक.

घरी शालनला सगळं सांगितलं होतं. शालन माझी बायको. सुपारीपर्यंत ऐकून ती पोट धरून हसली, आणि रनिंग-इनचं ऐकल्यावर तिचं हसू बंद झालं. "अहो, काखेत कळसा आणि गावाला वळसा, इथपर्यंत ठीक होतं," ती म्हणाली, "पण आता त्या माणसाची गाडी कशाला अडवून ठेवलीत? इंजिनं उघडता तसं जरा तोंड उघडा."

"सांगणार आहे," मी म्हणालो.

"कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही," ती म्हणाली आणि पोळ्या लाटायला लागली. दुसऱ्या दिवशी तिनं विषय काढला नाही. तिनं विषय काढला नाही म्हणजे ती खरंच रागावलेली असते.

बागचीबाबूंचा तीन-चार दिवसांनी फोन यायचा. "झालं का?" मी म्हणायचो, "अजून शंभर किलोमीटर." जानेवारी संपता संपता एक दिवस मीच फोन केला, म्हणालो, गाडी आणून देतो.

"सावकाश आणा," ते म्हणाले. "आता घाई नाही. काल तपासणी झाली."

मी फोन धरून बसलो. पलीकडून ते म्हणाले, "पोवारबाबू, आहात ना?" मी हो म्हणालो. त्यांनी माझे आभार मानले आणि फोन ठेवला.

फेब्रुवारीच्या अखेरीला त्यांनी बोलावून घेतलं. म्हणाले, "डायमंड हार्बरला जायचंय. चालवणार का तुम्ही?" नाही कसं म्हणणार? सकाळी सातला निघालो. उजवीकडे स्टिअरिंगवर मी, डावीकडे ते. गुडघ्यावर हात, मान किंचित वळवलेली.

काय सांगू, तो माणूस समोरचं काही न बघता मला रस्ता सांगत होता. "आता डावीकडे बाजार लागेल, हळू घ्या." बाजार लागायचा. "पुढे वळण आहे, गियर आत्ताच बदला." वळण यायचं. आमतला गेलं, शिराकोल गेलं. ते "थोडं उजवं", "असंच", "आता सोडा" असं शांतपणे सांगत होते, आणि मी तंतोतंत तसं करत होतो. गाडी इतकी चांगली मी कधी चालवली नाही. इंजिनाचा आवाज एकसारखा, पोटभर जेवलेल्या माणसाच्या श्वासासारखा. ते एकदा म्हणाले, "इंजिन छान झालंय."

नदीकाठी बांधावर गाडी उभी केली. पाणी भरतीला लागलं होतं. लांबवर एक जहाज वर येत होतं. बागचीबाबू त्याच्या बाजूला कान करून बसले.

मी सांगून टाकलं. पूजा, सुपारी, निताईचं म्हणणं, स्वच्छ निघालेली बेअरिंगं. रस्त्यावर बघत, एका दमात सांगितलं. सुपारीचं ऐकून त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं, खरंखुरं. "गणपती?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "हो, आमच्याकडे सुपारीच." ते मान हलवत राहिले. म्हणाले, "मी एकदा भर दिवसा, चांगल्या उजेडात, जहाज वाळूवर बसवलंय. नकाशा हातात होता. होतं असं."

मग त्यांनी विचारलं, "सापडली कधी सुपारी?"

खोटं बोलायला जागा होती. तीन आठवडे इकडेतिकडे केले असते तर कुणाला कळलं असतं? पण त्यांची मान माझ्याकडे वळलेली होती. मी म्हणालो, "जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात."

ते मनाशी मोजत होते हे मला दिसत होतं. जहाज पुढे आलं, त्याच्या लाटा बांधाला लागल्या. तेवढा वेळ मला सोसेना. मी नको ते बोललो. म्हणालो, "साहेब, तुमच्या नोकरीत तरी सुकाणू कुठे तुमच्या हातात असायचं? जहाजावरचा माणूस धरायचा आणि तुम्ही सांगायचात. आज तसंच झालं की. मी धरलं, तुम्ही आणलंत."

"चौतीस वर्षं मी दुसऱ्याच्या हातांमागे उभा राहिलो," बागचीबाबू म्हणाले. "म्हणून तर ही गाडी घेतली होती."

बांधाच्या आत मोठं मोकळं मैदान होतं, चिटपाखरू नव्हतं. मी किल्ली काढली आणि त्यांच्या हातात ठेवली. म्हणालो, "एक फेरी मारा. मी शेजारी बसतो, मी सांगतो."

त्यांनी किल्ली मुठीत धरली. अंगठ्यानं तिचे दात चाचपले. मला वाटलं, उतरतील, पुढून वळसा घालून माझ्या बाजूला येतील. मी दाराला हातही लावला होता.

"दिसत नसेल तर हलवायचं नाही," ते म्हणाले, "हा आमचा पहिला नियम आहे, पोवारबाबू. तो मी कधी मोडला नाही." आणि किल्ली माझ्या हातात परत दिली. रागानं नाही, एखाद्याची राहिलेली वस्तू द्यावी तशी.

आम्ही परत निघालो. शिराकोल गेलं, आमतला गेलं, वळणं आली, बाजार आले. बागचीबाबू गुडघ्यावर हात ठेवून बसले होते. बेहालापर्यंत त्यांनी मला डावं-उजवं काही सांगितलं नाही.